मास्कच्या आधी

स्ट्रेटनिंगचं क्रीम धुतलं, केस वाळवले, इस्त्री फिरवली. लेकीचे कुरळे केस पहिल्यांदाच सरळ होऊन खांद्यावर पडले, आणि मी केसांच्या मास्कची डबी उचलली.

"आई, आधी न्यूट्रलायझर!" ती आरशातून ओरडली. "मास्क आधी लावला तर केसांवर थर बसतो, न्यूट्रलायझर आत जात नाही, असं पार्लरमधल्या मुलींना तूच दटावतेस ना?"

वीस वर्षांत हा क्रम माझा कधी चुकला नव्हता. न्यूट्रलायझर लागेपर्यंत केस कुठलाही आकार घ्यायला तयार असतात. लागला, की तोच आकार कायम.

"अजून वेळ आहे," मी म्हणाले. "रोलर लावले तर पुन्हा कुरळे होतील."

तिने मान हलवली. "हुबेहूब बाबांचे केस आहेत, आई. त्यांना जाऊन आठ महिने झाले, पण विंचरायला उभी राहिले की रोज आरशात तेच दिसतात. मला नाही सहन होत."

मला ते आता फक्त तिच्या केसांतच दिसायचे. तरी मी न्यूट्रलायझरची बाटली उघडली आणि मानेपासून एकेक बट भिजवत वर गेले.

दहा मिनिटांनी केस धुऊन मास्क लावताना म्हणाले, "चार महिन्यांत मुळाशी पुन्हा कुरळे दिसायला लागतील."

"मग तेव्हा येते पुण्याहून. परत सरळ करून दे."

"ते तिकडेच कुणाकडून तरी करून घे," मी म्हणाले. "पण त्याआधी एकदा मला दाखवायला ये."