मागचं दार

शेळी घेतानासुद्धा केरबा आधी तिला चार पावलं चालवून बघायचा. मग जावई नुसता चहा पाजून कसा पसंत करायचा? म्हणून त्यानं आज रामप्रसादला गाडी घेऊन पडेगावला बोलावलं होतं. पोरगा गाडी कशी चालवतो ते बघू, मग होय की नाय ते सांगू.

गाडी दारात उभी राहिली तशी केरबाच्या कपाळाला आठी पडली. लाल रंग, काळं छत, अंगाच्या मानानं चाकं मोठी. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला असली शर्यतीची गाडी कशाला लागते? आधीची दोन स्थळं त्यानं असल्याच बारीक शंकांवर परत पाठवली होती. एक पोरगा बोलताना सारखा घड्याळ बघायचा, दुसरा कशालाच नाही म्हणत नव्हता. हे तिसरं स्थळ त्याच्या बायकोच्या, सारजाबाईच्या भावानं आणलेलं. त्यावर प्रांजली ‘आबा, तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणाली, आणि तेही बापाला खटकलं. एरवी ही पोरगी दोडक्याच्या भाजीवरून तास तास वाद घालायची.

“डिझेल का?” इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं विचारलं.

“व्हय मामा.”

“डिझेल घेणारा माणूस लई फिरतो.”

“कामावर जायला लागती ना. रोजचं देवगाव ते चिकलठाणा. पेट्रोल परवडत नाय.”

“देवगाव रंगारी. म्हंजी रोज आमच्याच दारावरून जातोस की.”

रामप्रसाद घुटमळला. “रस्ता त्योच हाय मामा.”

उत्तर बरोबर होतं. मग घुटमळला कशाला, हे केरबानं मनात ठेवलं.

पुढं बसायचा मान त्याचाच होता, पण त्याला मागं बसायचं होतं. मागून माणूस बरा कळतो. वेगाचा काटा दिसतो आणि आरशातून नजर कुठं जाते तेही दिसतं. त्यासाठीच तर त्यानं प्रांजलीलाही बरोबर घेतलं होतं. तो मागच्या दाराशी गेला आणि थबकला. दाराला हँडलच नव्हतं. नुसता लाल पत्रा. त्यानं वरून खालून हात फिरवला, कुठं दाबायचं असेल तर दाबून पाहिलं.

“थांबा मामा, उघडून देतो,” म्हणत रामप्रसाद सीटबेल्ट सोडायला लागला.

तेवढ्यात मागून प्रांजलीचा हात पुढं आला. तिची नजर दुसऱ्या हातातल्या फोनवर होती. न बघताच तिनं वर, काचेच्या कडेला काळ्या पट्टीत लपलेलं हँडल ओढलं.

“बसा आबा,” ती म्हणाली आणि पलीकडून बसायला गेली.

गाडी दौलताबादच्या रस्त्याला लागली. आत सिगारेटचा वास येतो का ते केरबा बघणार होता, पण आला डब्यातल्या लोणच्याचा. रामप्रसाद इतकं जपून चालवत होता, की मागून आलेला भाजीचा टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन पुढं गेला. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, त्याला पळायचं होतं. केरबा वेगाचा काटा विसरला, आरसा विसरला. तो लेकीच्या हाताकडं बघत होता.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते दार उघडत नाही, हे तर त्यानं स्वतःच पाहिलं होतं. म्हणजे ही या गाडीत बसलेली आहे. एकदा नव्हे, हाताला सवय लागण्याइतकी. सारजेला हे कळलं तर तिला काय वाटेल, हाच विचार तो घर येईपर्यंत करत राहिला. सारजेनं आजवर त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं.

सारजाबाई फाटकातच उभी होती. दोघं बापलेक उतरले आणि केरबानं आपल्या बाजूचं दार लावून घेतलं.

“तू बसली नाय आजून,” तो तिला म्हणाला. “जा, चक्कर मारून ये.”

“मला काय कळतंय गाडीतलं,” पदराला हात पुसत ती पुढं आली.

केरबा बाजूला सरकला, पण दार त्यानं उघडून दिलं नाही. शोध, तो मनातल्या मनात तिला म्हणत होता. पत्र्यावरून हात फिरव. मला विचार, कुठून उघडायचं ते.

“असल्या गाडीत बसायची माझी तर पयलीच बारी,” सारजाबाई म्हणाली, आणि तिचा हात सरळ वर काचेच्या कडेला गेला.

दार उघडलं. तिच्या ध्यानातही आलं नाही. प्रांजलीच्या आलं. ती आईकडं बघत राहिली, मग आबांकडं. रामप्रसादनं इंजिन बंद केलं.

केरबाला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त त्याला एकटं वाटलं. घरातल्यांनी आपल्याला इतकं घाबरावं, एवढे आपण त्यांना जड जातो का, असं त्याच्या मनात आलं.

तो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. तिथंही नुसता लाल पत्रा. रामप्रसाद घाईनं उतरायला लागला.

“बस तू,” केरबा म्हणाला. “घरात आता माझंच तेवढं शिकायचं राहिलंय.”

आणि काचेच्या कडेला तो हातानं चाचपडू लागला.