अप्पांचा लांब स्क्रूड्रायव्हर

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून अप्पा मिस्त्रींनी चाळीस वर्षं इंजिनांची दुखणी ओळखली. यंदा मात्र कानच गेले. आज संध्याकाळी गॅरेज विकल्याच्या कागदावर सही व्हायची होती.

सकाळीच एक बाई वडिलांची जुनी, गोलमटोल ‘डुक्कर’ फियाट घेऊन आल्या. ‘टकटक येते. तीन गॅरेजं झाली, कुणाला सापडेना,’ हे त्यांचं म्हणणं अप्पांच्या लेकीनं कागदावर लिहून अप्पांना दाखवलं.

बॉनेटखाली ते छोटंसं इटालियन इंजिन चालू होतं. अप्पांनी सवयीनं मूठ कानाला लावली. काहीच नाही. “जमायचं नाही,” ते पुटपुटले. बॉनेटची काठी काढायला दोन्ही हात हवेत, म्हणून त्यांनी मूठ दातांत धरली आणि वाकले.

टोक इंजिनाला टेकलं. जबड्यातून थेट डोक्यात आवाज घुमला, टक, टक, टक. अप्पा तसेच वाकून राहिले. मग टोक हळूहळू पुढे सरकवत गेले.

“तिसरा टॅपेट!” ते बोबडं ओरडले. “सैल आहे गं! पाना आण!”

संध्याकाळी गॅरेज घेणारे आले, तेव्हा अप्पा दुसऱ्याच गाडीवर वाकले होते. तोंडातली मूठ न काढताच त्यांनी हातानं ‘नाही’ म्हणून खूण केली.