कुबट वास

विमलबाईंनी तोंड पुसलं, टॉवेल खाली घेतला आणि परत नाकाशी नेला.

"नम्रता, गो, ह्या टॉवेलाला कुबट वास येतोय."

आत भाकरी थापणारा सुनेचा हात थांबला. तव्यावरची भाकरी अर्थात थांबली नाही.

सासूनं पावसाळ्यात टॉवेलाला नाव ठेवलं तर सुनेनं मनातल्या मनात काय म्हणायचं, हे रोह्यात ठरलेलं आहे. पण करोनाच्या तापात विमलबाईंचं नाक गेलं होतं. ताप उतरला, वास परतला नाही. पुढे एकदा शेगडी विझून गॅस तसाच सुटत राहिला आणि त्या शेजारी बसून निवांत बिरड्याचे वाल सोलत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. बाहेर खुर्चीत बसून वाढलेलं जेवायच्या आणि "चांगलं झालंय" म्हणायच्या. नम्रताला टोमणे चालले असते; हे "चांगलं" गळ्याखाली उतरत नव्हतं.

ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. टॉवेल तिनं सोडा घालून उकळला होता, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला होता, आणि ऊन नाही म्हणून निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून त्यावर धुपवलाही होता. तिनं हुंगला. काही नाही.

धाटावच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करून आलेल्या सुजयनं एक बूट काढून टॉवेल हुंगला. "वास नाय येत, आये. तुला भास झाला."

"तुझं नाक कंपनीत जमा झालंय. तू गप बस."

नम्रता दोरीवरचे टॉवेल ओढून घेऊन आली. "आई, डोळे मिटा."

"आता काय देव दाखवतीस?" म्हणत विमलबाईंनी डोळे मिटले.

पहिला टॉवेल नाकाशी गेला. "धूप."

दुसरा. "साबण. नीट खळबळला नाय."

तिसऱ्याला त्या जरा थांबल्या. "हा सुजयचा. कंपनीचा वास हाय. उकळलास तरी जायचा नाय."

सुजय दुसरा बूट काढायचा विसरला.

नम्रतानं हळूच तो सकाळचा, तोंड पुसलेला टॉवेल परत पुढे केला.

"हाच तो," विमलबाई म्हणाल्या. "किनार ओली होती. तशीच घडी घातलीस."

नम्रतानं किनार चिमटीत धरून पाहिली. काल लाइट गेली होती, निखारे विझत आले होते, आणि किनारीकडे काणाडोळा करून तिनं टॉवेल कपाटात सारला होता. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही फारसं सांगितलं नव्हतं.

विमलबाईंचे डोळे मिटलेलेच होते. नाकपुड्या मात्र हलत होत्या, लांबून कुणी हाक मारावी आणि ती ओळखीची वाटावी तशा.

"आणि भाकरी करपली तुझी."

तेव्हा कुठे बाकीच्या दोन धडधाकट नाकांना तो वास आला. विमलबाई उठल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थबकल्या, मग पदर खोचून आत गेल्या. उलथन्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "मिठाचा डबा इथं कोणी ठेवला गो?"

सुजयनं डोळे पुसायला नम्रताच्या हातातला तो कुबट टॉवेलच घेतला आणि मग तो घेऊन धुण्याच्या बादलीकडे निघाला. नम्रतानं तो काढून घेतला. तांब्यातलं पाणी ओंजळीनं किनारीवर शिंपडलं, घट्ट घडी घातली आणि कपाटात अगदी तळाशी सरकवली.

"अगं, उद्यापर्यंत पुन्हा वास मारेल," सुजय म्हणाला.

"नक्की ना?" नम्रतानं विचारलं.