हे झाड कुणी लावलं?

लग्नाळू पोरांनी मुलीशी काय बोलायचं, याचा बेळगावात माझा क्लास आहे. एकतीस लग्नं जुळली, माझं तेवढं राहिलंय. काल नंदगडला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, घरच्यांनी आम्हाला बोलायला पडवीत बसवलं. पोरांना शिकवतो तसंच दाराजवळच्या कुंडीकडं बोट करून विचारलं, “हे झाड कुणी लावलं?” यावर मुलगी हसतेच. ही हसली नाही. “आक्कानं. अबोली हुती. तिला बघायला आलेल्या भावजींनीबी ह्येच विचारलं. आक्का हसली, लग्न झालं, कुंडी संगं नेली. गेल्या महिन्यात कुंडीसकट परत आली.” तेव्हा कुठं मी कुंडीत पाहिलं. नुसत्या काड्या होत्या. “भावजी तुमच्याच क्लासातले. पाणी घालायला शिकवायचं राहिलं काय, सर?” मी पोह्यांबरोबर आलेला पाण्याचा तांब्या कुंडीत ओतला. पाणी बुडातून निघून सरळ दारातल्या माझ्या बुटांकडं गेलं. “बूट उचला, सर.”