इथली रीत

हॅलोविनच्या संध्याकाळी खाऊ मागायला येणाऱ्या मुलांसाठी योगिनीने आयर्लंडमधल्या घराच्या दारात परात मांडली. परातीत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि सफरचंदं. ते बघून परेशच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, ल्यूकनमध्ये राहतो आपण. शेंगा काय वाटतेस? इथे राहायचं तर इथल्या रीतीने वागायला नको?"

"गेल्या वर्षी तुझ्या त्या रीतीने चॉकलेटं आणली होती. लॉकडाऊनमुळे मुलं आलीच नाहीत, सगळी आपल्या शर्वाणीने फस्त केली आणि तिची दाढ किडली. हसतील तर हसू देत लोक. मी शेंगाच वाटणार."

भुतं-चेटकिणी बनलेली पहिली पोरं आली, परातीत डोकावली, एकमेकांना कोपरं मारत तशीच निघून गेली. परेश आत जाऊन चॉकलेटची पिशवी घेऊन आला. योगिनी दारातून हलली नाही.

तेवढ्यात नातवाचा हात धरून शेजारच्या ब्रीडा आजी आल्या. परात बघून थबकल्या. एक शेंग उचलून कानाशी खुळखुळवली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल तिथेच पायरीवर टाकलं.

"आमच्या लहानपणी हॅलोविनला दारोदार हेच मिळायचं," त्या म्हणाल्या. "शेंगा आणि सफरचंदं. ही चॉकलेटं फार नंतर आली. तुला कुणी गं सांगितलं?"

योगिनीने आजींच्या कोटाचे दोन्ही खिसे शेंगांनी भरले आणि मागे वळली.

"परेश, ती पिशवी आत ठेव. इथे राहायचं तर इथल्या रीतीने वागायला नको?"