एरिकची रजा

आर्वीतल्या घरी बसून वर्षाली कामाचे तास आणि रजा नोंदवायचं एक मोफत सॉफ्टवेअर मराठीत आणत होती. त्याच कामातला स्वीडनचा एरिक रोज कॉलवर असायचा. ती त्याच्याशी बोलताना हसली की इकडे नवऱ्याचा, मुकेशचा, जीव जळायचा. आज कॉल आलाच नाही. मुकेशची कळी खुलली.

"काऊन वो, कुठं गेला आज तुया एरिक?"

"रजेवर हाय. पोरीले ताप आला त्याच्या. तिकडं बापाले तशी रजाच असते. मराठीत तिले काय म्हणावं, तेच सुचून नाई राह्यलं."

"एवढ्याशा तापाले बाप घरी? मंग बायको काय करते त्याची?"

"कामावर गेली." वर्षालीनं मांडीवरच्या, तापानं फणफणलेल्या बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलली. "मी तिच्यावरच जळून राह्यली."