जळालेला पंप

फाटकाशी चौघे उभे होते. अंगावर साधे कपडे, पण केस बारीक कापलेले आणि बूट असे चमकवलेले, की भिमाजीने बंगल्याच्या पायरीवरूनच ओळखलं, ही फौजेतली माणसं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून लोणावळ्याला प्रशिक्षणासाठी आलेली. पिशव्यांत तांदूळ, मटण आणि एक मोठं पातेलं.

त्यांतला वयाने मोठा होता तो जुळवून जुळवून हिंदीत बोलला. "एक दिन के लिए बंगला चाहिए. हमारा साथी उधर लडाई में मर गया. मेस में हम गा नहीं सकते. यहाँ खाना बनाएगा, उसके लिए गाना गाएगा. शाम को जाएगा."

मळवलीतला हा बंगला चार दिवस रिकामाच पडून होता. भिमाजी कडी काढायला लागला, एवढ्यात खिशातला फोन वाजला. पुण्याहून मालक. फाटकावरच्या कॅमेऱ्यात त्यांना घरबसल्या सगळं दिसायचं.

"भिमाजी, कोण आहेत हे?"

"फौजी हायेत साहेब. त्यांचा मानूस लढाईत गेलाय. लय न्हाई बसायचं, सांजच्याला जात्यात."

"काळे दिसतायत. नको. शेजारचे बंगलेवाले माझ्या नावाने ओरडतील. आणि घाण करतात हे लोक. सांगा, पंप जळालाय, पाणी नाही."

"साहेब, मी काँगोत व्हतो तवा असल्यांच्या संगंच…"

"अहो, तुम्ही सैन्यातले म्हणून तर विश्वासाने ठेवलंय तुम्हाला. तुम्हाला कळायला पाहिजे."

फोन बंद झाला. बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीसमोर त्याची बायको शालूबाई कपडे वाळत घालत होती. नोकरी गेली तर तिच्या डोक्यावरचं ते छप्परही जाणार, हे भिमाजीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी जीभ उचलेना. असलं खोटं त्याने स्वतः पुष्कळ ऐकलेलं होतं. फौजेत असताना तो सीमेवरच्या लढाईतही होता. सुट्टीत येऊन तळेगावात भाड्याची खोली शोधायचा. वर्दी बघून लोक खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. आडनाव विचारायचे, बौद्ध आहे हे कळायचं आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची.

"पंप जल गया है, साब," तो म्हणाला. "पानी नहीं है."

वयाने मोठ्या फौजीने मान हलवली. थकून थोडं हसलाही. "आज का चौथा पंप," तो म्हणाला. "कोई बात नहीं."

त्यांच्यातल्या तरुणाचे हात मटणाच्या पिशवीने चिकट झाले होते. झाडांसाठी भिंतीबाहेर नळ काढलेला होता, तो त्याने सहज फिरवला. पाणी धो धो आलं.

तरुण तावातावाने आपल्या भाषेत काहीतरी बोलला. मोठ्या फौजीने त्याला गप्प केलं. ती भाषा भिमाजीच्या कानावरून गेलेली होती. निळी टोपी घालून काँगोत शांतिसेनेत होता तेव्हा बाजारात, चौकीवर तीच ऐकायचा. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. म्हाताऱ्याला बोलू नकोस, मोठा म्हणत होता. तो नोकरमाणूस. मालक दुसराच कुणीतरी आहे.

त्यापेक्षा शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. भिमाजीला मान वर करवेना, इतकी लाज वाटली.

तरुणाने हात धुतले आणि नळ घट्ट बंद केला. चौघांनी पिशव्या उचलल्या. निघता निघता मोठा थबकला. भिमाजी टाचा जुळवून, मुठी मांड्यांना लावून ताठ उभा होता. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"आप भी फौजी थे?" त्या मोठ्या फौजीने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा आपुलकी आली.

लग्नात, मयतीला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही, कुणी न विचारता भिमाजी आजवर हेच तर सांगत आला होता.

"नहीं साब," तो म्हणाला, आणि त्याने टाचा सोडल्या. "मैं इधर का वॉचमन."